शेळ्या राखणाऱ्यांची शाळा

"अभ्यास केला नाहीस तर शेळ्या राखायला जाशील!" हे वाक्य आपल्या शाळांमधून पिढ्यानपिढ्या ऐकू येत आलं आहे. मला ते कधीच पटलं नाही. शेळ्या राखायला डोकं लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी लडाखमधल्या चांगथांग पठाराची माहिती जरूर घ्यावी.

उंची 14,000 फुटांच्या आसपास. हिवाळ्यात पारा उणे 30 च्याही खाली जातो. चांगपा नावाचे भटके पशुपालक तिथे याकच्या केसांच्या तंबूत राहून शेळ्या पाळतात. या शेळ्यांच्या राठ केसांखाली थंडीत जी मऊ लव येते, तीच पश्मिना. जाडी 12 ते 15 मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. उन्हाळा लागला की ती विंचरून काढायची. एका शेळीमागे कच्चा माल साधारण पाव किलो, आणि राठ केस वेगळे केले की त्यातला निम्माही उरत नाही. दूध, मांस आणि जळणाला लेंड्या, हेही त्याच कळपातून.

कुठलं कुरण कधी सोडायचं, करडं कशी जगवायची, हे तिथे पुस्तकात वाचून येत नाही. आणि इतकं जाणूनही निसर्गापुढे हात टेकावे लागतात. 2013 साली मोठं हिम पडलं, चारा गाडला गेला आणि हजारो जनावरं दगावली.

आता तिथली मुलं शिकायला लेहला जातात. जावीतच! पण शिकायचं म्हणजे कळप सोडायचा, एवढा एकच रस्ता का असावा? आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. त्यात उणिवा होत्या, पण आईबाप जिथे कामाला तिथे शाळा, हा विचार मात्र सोळा आणे खरा होता. चांगथांगलाही तंबूबरोबर हलणारे मास्तर हवेत, गुरांचे डॉक्टर हवेत, आणि हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या शालीतला रास्त वाटा शेळीवाल्याच्या हाती पडायला हवा.

नाहीतर एक दिवस शाली विणणारे हात असतील, विकत घेणारे खांदेही असतील, पण थंडीत शेळ्यांमागे उभं राहणारं कुणी नसेल. ही विद्या एकदा गेली की कुठल्याच विद्यापीठात परत मिळायची नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.