पंक्चरवाल्याचा नकार

मोटारीच्या चाकांतील हवा गेली म्हणजे मनुष्याच्या मनांत पहिला विचार येतो तो खर्चाचा. पंक्चर काढून भागेल, कीं नवा टायर घ्यावा लागेल? या प्रश्नाचें उत्तर खिशास न विचारतां टायरास विचारावें, असें आमचें मत आहे. आणि तें आम्हीं ग्रंथांतून नव्हे, तर स्वतः मूर्खपणा करून मिळविलें आहे.

एका उन्हाळ्यांत आम्हांस नागपुराहून जालन्यास जावयाचें होतें. आदल्या दिवशीं एका टायराच्या बाजूच्या भिंतीस पत्रा लागून चीर पडली. आमच्या नेहमींच्या पंक्चरवाल्यानें तींतून बोट फिरविलें व तो म्हणाला, "सर, याचें पंक्चर निघत नाहीं. टायर बदला." याला कोठें तरी कमिशन मिळत असावें, अशी शंका घेऊन आम्ही दुसरीकडे गेलों. तेथें चिरेंत रबराची चिकट दोरी खुपसून पांच मिनिटांत काम झालें, आणि आम्ही आपल्याच व्यवहारचातुर्यावर खूष होऊन घरीं आलों.

पहिल्या मनुष्याचें म्हणणें खरें होतें. ट्यूबलेस टायराच्या जमिनीस टेंकणाऱ्या भागांत खिळा शिरला व भोंक सहा मिलिमीटरांहून मोठें नसलें, तर टायर उतरवून आंतून ठिगळ लावतां येतें, व तें टिकतें. बाहेरून खुपसलेली दोरी ही तात्पुरती सोय. बाजूच्या भिंतीची गोष्ट मात्र वेगळी. टेंकणाऱ्या भागाखालीं पोलादी तारांचे पट्टे असतात, भिंतींत ते नसतात. तेथें सारा भार धाग्यांवर, आणि ती भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास वांकते व सरळ होते. धागे तुटले कीं तेथें ठिगळाचा इलाज चालत नाहीं. हवा कमी असली तर ती अधिक वांकते व अधिक तापते. त्यांत नागपूरचा मे महिना, पारा ४५ अंशांवर, आणि समृद्धि महामार्गावर ताशीं १२० किलोमीटरची मुभा!

वर्धा मागें पडल्यावर तो टायर फुटला. आमचीं मुलें मागच्या बाकावर झोंपलीं होतीं. गाडी दोनदां भेलकांडली व कडेस येऊन थांबली. मागून ट्रक येत नव्हता, एवढेंच. स्टेपनी काढली, तर तींतही हवा अर्धी. (हा शब्द वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावरून आला, असें जादा चाक तेथें १९०४ च्या सुमारास निघालें.)

"टायर फुटला" हें वाक्य आपल्याकडे दैवी आपत्तीप्रमाणें उच्चारलें जातें. १ जुलै २०२३ रोजीं नागपुराहून पुण्यास निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर जळून २५ प्रवासी मृत्यु पावले, तेव्हां चालकानें प्रथम हेंच सांगितलें. परिवहन खात्याच्या तपासणींत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाहीं. आमचा टायर खरोखरच फुटला, पण त्यांतही दैवाचा हात नव्हता.

पंक्चरवाल्यास पंक्चर काढल्याचे पैसे मिळतात, नकार दिल्याचे मिळत नाहींत. "दावा लावूं नका" असें सांगणारा वकील फी घेतो. "औषधाची गरज नाहीं" म्हणणारा डॉक्टरही घेतो. रस्त्याच्या कडेस बसलेल्या या मनुष्याचें ज्ञान मात्र आपण फुकट समजतों. मग खरें बोलणारा रिकाम्या हातीं बसतो आणि दोरी खुपसणारा कमावतो. ही व्यवस्था त्यांनीं नव्हे, आम्हां गिऱ्हाइकांनीं केली आहे. म्हणून, टायर पाहून कोणी "बदला" म्हणाला, तर त्यास पाहिल्याचे पैसे द्यावे, असें आम्ही सुचवितों. दुसऱ्याचें मत अवश्य घ्यावें. परंतु स्वस्त उत्तर मिळेपर्यंत हिंडूं नये. ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीचें साहित्य असलेल्या लहान गाड्यांस स्टेपनीची सक्ति उरलेली नाहीं. आमचे विद्यार्थी उद्यां अशाच गाड्या चालवितील, आणि हा "बदला" शब्द त्यांना आमच्याहून अधिक मोलाचा ठरेल.

परत आल्यावर आम्ही त्या पहिल्या पंक्चरवाल्याकडे गेलों व त्या दिवशींच्या तपासणीचे पैसे पुढें केले. त्यानें ते घेतले नाहींत. स्टेपनींत हवा भरली, आणि तेवढ्याचेच घेतले.