पॅडलबोर्डची पारख

व्यापारी घराला मालाची पारख शिकवावी लागत नाही. कापडाचा पोत बोटांना कळतो, धान्याची प्रत मुठीत कळते. तरीही तेच घर सुटीतल्या हौसेची वस्तू घेताना अनेकदा रंग आणि सवलत पाहून पैसे मोजते. पॅडलबोर्ड ही अशीच एक वस्तू. या रुंद फळीवर उभे राहून लांब वल्ह्याने संथ पाण्यात पुढे जायचे असते. पाय, कंबर, पाठ आणि खांदे या सर्वांना त्यात काम मिळते आणि तोल राखण्याचा सराव होतो. दिवसभर गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्यास हा व्यायाम मानवतो. मात्र पायाखालची फळी स्थिर हवी.

मावळातील पवना जलाशय या व्यायामास साजेसा आहे. तुंग, तिकोना, लोहगड या किल्ल्यांच्या परिसरातील हे पाणी हिवाळ्यात सकाळी बहुधा संथ असते. लोणावळ्याच्या सर्वच पाण्यांविषयी तसे म्हणता येत नाही. वळवण आणि लोणावळा हे तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेचे असून, त्यांच्या पाण्यावर चालणारे खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून कार्यरत आहे. अशा ठिकाणी परवानगीवाचून उतरू नये. भुशी धरणाच्या परिसराचा तर विचारही नको. ३० जून २०२४ रोजी तेथील धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, हे विसरण्याजोगे नाही. पावसाळ्यात बोर्ड घरीच असावा.

खरेदीचा पहिला प्रश्न असा, की या बोर्डवर उभे कोण राहणार? पुष्कळ घरांत बोर्ड मुलासाठी म्हणून घेतला जातो आणि त्यावर वडीलही चढतात. म्हणून माप घरातील सर्वांत वजनदार माणसाचे धरावे. नवशिक्यासाठी बोर्डचे आकारमान लिटरमध्ये जितके असेल, ते शरीराच्या किलोतील वजनाच्या निदान दुप्पट असावे. ९५ किलोच्या गृहस्थास १९० लिटरांहून कमी आकारमानाचा बोर्ड देणे म्हणजे त्यास पाण्यात ढकलणेच होय. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड हवेच्या बोर्डचे आकारमान साधारण ३०० लिटरांच्या आसपास भरते. तो घरातील बहुतेकांना पुरतो.

स्थैर्य मुख्यतः रुंदीतून येते. ३२ ते ३४ इंच रुंदी संथ पाण्यातील व्यायामास योग्य. २८ इंचांचा निमुळता बोर्ड वेगाने जातो, पण तो शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी असतो. पन्नाशीच्या गुडघ्यांना तो दाद देणार नाही. हवेच्या बोर्डची जाडी चार इंच असेल, तर वजनदार माणूस उभा राहताच मध्यभागी झोळ पडतो आणि तोल जातो. सहा इंचांचा बोर्ड पूर्ण हवा भरल्यावर ताठ राहतो.

टिकाऊपणाची परीक्षा बोर्डच्या पोटात असते. चांगल्या बोर्डमध्ये वरच्या व खालच्या थरांना हजारो बारीक धागे जोडून ठेवतात. त्यामुळेच हवा भरूनही तो फुग्यासारखा गोल होत नाही. बाहेरचे अस्तर एकेरी आहे की दुहेरी, कडा केवळ गोंदाने चिकटवल्या आहेत की उष्णतेने सांधल्या आहेत, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. आपल्याकडच्या उन्हात गोंद सैल पडण्याचा धोका असतो. दुरुस्तीचे ठिगळ आणि जादा झडप सोबत मिळते का, हेही पाहावे. बोर्ड घरी येताच ठरलेल्या दाबापर्यंत हवा भरून सांधे व झडप यांवर साबणाचे पाणी फिरवावे आणि चोवीस तास तसाच ठेवावा. बुडबुडे दिसले किंवा फळी मऊ पडली, तर माल परत करावा.

ऊन हा बोर्डचा मोठा शत्रू आहे. सकाळी २० अंशांत १५ पीएसआय दाबाने भरलेला बोर्ड दुपारी ४५ अंशांपर्यंत तापला, तर आतील दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो आणि सांध्यांवर ताण येतो. म्हणून पाण्याबाहेर काढताच तो सावलीत न्यावा आणि थोडी हवा सोडावी. बंद मोटारीत तो भरलेला ठेवू नये. घरी आणून स्वच्छ पाण्याने धुवावा, पुरता वाळवावा आणि मगच गुंडाळावा. ओला गुंडाळल्यास बुरशी धरते. धुण्याचे काम जलाशयात मात्र करू नये. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते.

बोर्डच्या किमतीतच तीन गोष्टींचा खर्च धरावा: अंगाला नीट बसणारे जीवरक्षक जाकीट, पायाला बांधण्याची दोरी आणि उंचीप्रमाणे कमीजास्त होणारे वल्हे. उभ्या माणसाच्या उंचीपेक्षा वल्हे वीसपंचवीस सेंटिमीटर लांब असले की कमरेला वाकावे लागत नाही. पोहता येणाऱ्यानेही जाकीट घालावे. दोरीमुळे पाण्यात पडल्यावर बोर्ड वाऱ्याने दूर जात नाही. हवेचा हलका बोर्ड वाऱ्याला शिडासारखा सापडतो; काठाकडून आत वाहणारा वारा सुटला, तर नवख्या माणसास परत येणे जड जाते. पाणी थरथरू लागताच गुडघ्यांवर बसावे आणि काठ गाठावा.

आरंभीचे काही दिवस काठाजवळच, गुडघ्यांवर बसून वल्हवावे. तोल जमला की उभे राहावे. चक्कर येण्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. कोणीही एकट्याने पाण्यात जाऊ नये. काठावर घरातले एक माणूस लक्ष ठेवून असावे.

सवलतीच्या मोसमात अरुंद, पातळ बोर्ड स्वस्तात मिळतो. पण दोनदा पडल्यावर घरातील वडीलधारे त्यास हात लावत नाहीत आणि तो माळ्यावर जातो. थोडा महाग, रुंद आणि मजबूत बोर्ड घरातील चौघे अनेक हिवाळे वापरतात. हिशेब मांडला, तर तोच स्वस्त पडतो.