गप्प झालेला कुत्रा

घरातल्या कुणाला जुमानत नाही, पाहुण्याला उंबरठा ओलांडू देत नाही, फिरायला काढला की मालकालाच फरफटत नेतो, असा एक कुत्रा. त्याच्यापायी जेरीस आलेले कुटुंब. अशा घराच्या दारात एक हसतमुख गृहस्थ येऊन उभा राहतो. तो तोंडाने 'त्श' असा आवाज काढतो, पट्ट्याला झटका देतो, बोटे नखांसारखी वाकवून कुत्र्याच्या मानेत टोचतो. पाऊण तासाचा कार्यक्रम संपायच्या आत तो आडदांड प्राणी मुकाट जमिनीवर पडलेला दिसतो आणि घरातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

सीझर मिलान यांचा 'डॉग व्हिस्परर' हा कार्यक्रम नॅशनल जिओग्राफिक वाहिनीवर २००४ ते २०१२ या काळात चालला. आपल्याकडेही केबलवरून तो घराघरांत पोहोचला. फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर आणि अल्सेशियन पाळणाऱ्या अनेकांनी कुत्र्याला 'वळण लावणे' म्हणजे काय, हे याच कार्यक्रमातून उचलले. पण तो पाहताना अनेक कुत्राप्रेमी मनातल्या मनात चुळबुळतही असत. कुत्रा शांत झाला हे खरे. पण तो शिकला म्हणून शांत झाला, की घाबरला म्हणून?

आधी मिलान यांचे श्रेय त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. मेक्सिकोतल्या सिनालोआ प्रांतात, आजोबांच्या शेतावरच्या कुत्र्यांमध्ये वाढलेला हा मुलगा एकविसाव्या वर्षी, इंग्रजीचा गंध नसताना, कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरला आणि स्वतःच्या हिमतीवर जगप्रसिद्ध झाला. कुत्र्याला दिवसभर कोंडून ठेवू नका, त्याला भरपूर चालवा, दोष कुत्र्याचा नसून बहुधा तुमचाच असतो, असे त्यांनी लाखो मालकांना ठणकावून सांगितले. लोक ज्यांना पाहूनच घाबरतात अशा पिटबुल कुत्र्यांची बाजू त्यांनी घेतली. हे काम लहान नव्हे.

वाद आहे तो त्यांच्या मूळ गृहीतकाविषयी. कुत्रा म्हणजे घरात राहणारा लांडगा, कळपाला एक म्होरक्या लागतो, आणि ती जागा तुम्ही घेतली नाही तर कुत्रा घेणार, असे ते मानतात. ही कल्पना आली कुठून? १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे एका आवारात कोंडले की त्यांच्यात मारामाऱ्या होतात आणि त्यांतून वरचढ कोण ते ठरते, असे त्याला दिसले. अमेरिकन संशोधक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना घेतली आणि ती सर्वत्र रुजली.

पुढे याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले. तिथे त्यांना दिसले ते साधे कुटुंब. आई, बाप आणि त्यांची दोन-तीन वर्षांतली पिल्ले. आईबाप पुढे चालतात, मुले मागून येतात. गादीसाठी लढाई वगैरे काही नाही. १९९९ मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडले आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. एका खोलीत कोंडलेल्या दहा अनोळखी माणसांची भांडणे पाहून मराठी एकत्र कुटुंबाविषयी निष्कर्ष काढावा, तसा तो पहिला प्रकार होता. शिवाय लांडगा तो लांडगा आणि हजारो वर्षे माणसाच्या चुलीजवळ वाढलेला कुत्रा तो कुत्रा.

कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरायची रीतही याच समजुतीतली. अमेरिकेतल्या न्यू स्कीट मठातील साधू अल्सेशियन कुत्रे वाढवतात. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकाने ही रीत घरोघर नेली. २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच ती मागे घेतली. साधूंनी सोडलेली गोष्ट टीव्हीने मात्र पुढे चालू ठेवली, आणि खाली पाटी येत राहिली की तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय हे घरी करू नका. करून पाहण्याजोगे दाखवायचे आणि करू नका म्हणायचे!

घरी करून पाहणाऱ्यांचे काय झाले? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार, ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला. उताणे पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते, आणि नुसते डोळे वटारणाऱ्यांत ३० टक्के. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धाकदपटशा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक होती, आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतले ताणाचे संप्रेरकही वाढलेले होते.

मालकाने लक्षात ठेवावी अशी खरी गोष्ट गुरगुरण्याची आहे. गुरगुरणे हा आपल्याला उद्धटपणा वाटतो. वास्तविक ती नोटीस आहे. बँकेत कर्ज थकले की आधी पत्र जाते, मग नोटीस, जप्ती सर्वात शेवटी. कुत्राही आधी मान वळवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो, आणि सगळे फुकट गेले तर चावतो. गुरगुरल्याबद्दल मार बसला की तो चावायचे सोडत नाही, नोटीस द्यायचे सोडतो. २०१२ मध्ये हॉली नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्रीने मिलान यांचा हात फोडला, तो प्रसंग आजही पाहता येतो. तिच्या खाण्याच्या भांड्यावरून ते तिच्यावर दबाव टाकत गेले. तिने दात दाखवले, मागे सरली, थांबली. तरी ते तिथून हलले नाहीत. नोटिशीवर नोटीस येत होती, वाचणारे कोणी नव्हते. अनुभवी माणसाच्या हातावर ते निभावले. आपल्या घरी त्या भांड्याजवळ दोन वर्षांचे मूल रांगत असते.

म्हणून लाड करून कुत्रा डोक्यावर चढवावा, असे नाही. शिस्त हवीच. हवे ते वागणे दिसले की लगेच खाऊ किंवा शाबासकी, नको ते केले की लक्ष काढून घेणे, आणि घरातल्या सगळ्यांचा एकच नियम, ही शिस्तच आहे. तिला वेळ लागतो, आणि ती टीव्हीवर पाहायला कंटाळवाणी असते. वर्तन एकदम बिघडले तर आधी पशुवैद्याला दाखवावे; दुखणारा कानही कुत्र्याला चावरा करतो. आणि प्रशिक्षक निवडताना त्याला एकच प्रश्न विचारावा : कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात साखळी आणि झटका आला, तर नमस्कार करून परत यावे.

कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी एक निष्कर्ष मांडला. अनोळखी माणसाने पुनःपुन्हा खाऊ देण्यापेक्षा पुनःपुन्हा कुरवाळले, तर ती कुत्री त्याच्यावर अधिक विश्वास टाकू लागली. ज्यांना रोज दगड मिळतात, त्यांची ही गोष्ट आहे. मग आपल्याच घरात, आपल्याच हातचे खाणाऱ्या प्राण्याला म्होरक्या कोण ते दाखवायची गरज कशाला भासावी? तो आपल्या ताब्यात आहेच. दाराची कडी, खाण्याचे भांडे, पट्ट्याचे टोक, सगळे आपल्याच हाती असते.

तेव्हा एखाद्या नामांकित प्रशिक्षकाचे कसब पाहताना मनात शंका आली, तर ती हळवेपणा म्हणून झटकून टाकू नये. पडद्याचा आवाज बंद करावा, निवेदकाचे कौतुक ऐकू येऊ देऊ नये, आणि केवळ कुत्र्याकडे पाहावे. शेपूट पोटाशी गेली आहे का, कान मागे पडले आहेत का, डोळे कुठे वळले आहेत? घरातली मुलेही शेजारी बसून तेच पाहत असतात. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाशी कसे वागायचे, हे ती तिथूनच शिकत असतात.