पाणबुड्याचा चष्मा आणि किनाऱ्यावरचा संशय

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष (कला)

समुद्र पाहावयास येणारा माणूस आणि समुद्रात उतरणारा माणूस यांत एक मोठा फरक आहे. पाहावयास येणारा आपले सर्व काही अंगावर घेऊन उभा असतो. उतरणाऱ्याला मात्र अंगावरचे बरेच काही काठावर ठेवून जावे लागते. चष्मा, घड्याळ, मोबाईल, पाकीट, गाडीची किल्ली, बोटातील अंगठी, गळ्यातील साखळी. सगळ्या वस्तू मिळून एका रुमालात मावतील, पण त्यांतील एक जरी गेली तरी सहलीचा विचका होतो. या वस्तू कोठे आणि कशा ठेवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. महाविद्यालयाच्या वार्षिकात लिहिण्याजोगा हा विषय आहे काय, असेही कुणी विचारील. मला तो तसा वाटतो, आणि का वाटतो हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पाण्याखालचे जग पाहण्याची हौस आपल्या मालवणच्या किनाऱ्याला आता नवी राहिलेली नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, तारकर्लीला, देवबागेला पावसाळा सोडून बाकीचे महिने पर्यटकांची रीघ असते. आपल्याकडे बहुतेक जण होडीतून जातात. होडीत निदान तांडेल असतो आणि काढून ठेवलेल्या वस्तू त्याच्या नजरेखाली राहतात. परंतु काठावरून चालत पाण्यात शिरायचे आणि तेथूनच बुडी मारायची, असा दुसरा प्रकारही जगात रूढ आहे. अंदमानातील स्वराज द्वीप (२०१८ पर्यंत या बेटाचे नाव हॅवलॉक होते), लाल समुद्रावरील इजिप्तचे दहाब आणि कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेट ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे होत. पाणबुड्याने एकट्याने उतरू नये, जोडीदार घेऊनच उतरावे, असा या विद्येचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे होते असे की, ज्याच्यावर विश्वास टाकावा तो मित्रही पाण्यातच असतो. काठावर उरते ते बेवारस गाठोडे!

या गाठोड्यातील इतर वस्तू घरी ठेवून येता येतात. चष्मा तसा येत नाही. ज्याला तो लागतो त्याला पाण्याच्या कडेपर्यंत तो डोळ्यांवर हवाच, नाहीतर खडकावर पाय कोठे टाकावा हेही समजणार नाही. आणि कडेपाशी पोचताच तो काढावाच लागतो. पाण्यात जो मास्क लावतात त्याची रबरी कड कपाळाला व गालांना घट्ट चिकटलेली असावी लागते. चष्म्याच्या काड्या कानाकडे जाताना ती कड उचलतात आणि त्या फटीतून पाणी आत शिरते. म्हणून चष्म्यावर मास्क ही कल्पना मुळातच सोडून द्यावी.

मग चष्मेवाल्याने आंधळ्यासारखे उतरावे काय? तसे मुळीच नाही. सपाट काचेच्या मास्कमधून पाण्यातील वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या आणि एक-चतुर्थांशाने जवळ दिसतात. हा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा चमत्कार आपण शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे ज्यांचा दूरचा नंबर अगदी थोडा आहे त्यांचे बहुधा निभावून जाते. नंबर जास्त असेल तर नंबराच्या काचा बसविलेला मास्क मिळतो. नेहमी बुड्या मारणाऱ्याने तो घ्यावा हे उत्तम. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने मऊ आणि एक दिवस वापरून टाकून द्यावयाच्या लेन्स घ्याव्यात. मास्कमध्ये पाणी शिरल्यास डोळे मिटावेत आणि बाहेर आल्यावर त्या लेन्स काढून टाकाव्यात, कारण पाण्यातील जंतू लेन्सखाली राहिले तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. केवळ जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो अशा वडीलधाऱ्या मंडळींनीही बेफिकीर राहू नये. टाकीत हवा किती उरली हे दाखविणारा काटा हातभर अंतरावरच वाचायचा असतो. तो दिसला नाही तर गोष्ट जिवावर बेतेल.

चष्म्याविषयी मी इतके का लिहितो आहे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या घरात चष्मा लावणारा पहिला मनुष्य मी, आणि महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाही मीच. आमचे वडील रापणीवर जातात. आठवीत फळ्यावरचे दिसेना म्हणून गुरुजींनी चिठ्ठी दिली आणि चष्मा आला. तेव्हा कित्येक दिवसांच्या रापणीचा वाटा त्यात गेला. आई म्हणाली, "चष्मो मोडलो तर शाळा मोडली, इतक्या ध्यानात ठेव." ते वाक्य अतिशयोक्तीचे नव्हते. शहरातल्या माणसाचा चष्मा हरवला तर संध्याकाळी तो दुसरा करून घेतो. आमच्यासारख्यांचा हरवला तर सहामाही परीक्षा हरवते. म्हणून "छोटीशी वस्तू" हा शब्द मला फसवा वाटतो. वस्तू छोटी की मोठी हे तिच्या आकारावरून ठरवू नये, ती नसल्याने काय अडते यावरून ठरवावे.

इतर वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. अंगठी आणि लांब साखळी घालून पाण्यात उतरूच नये. अंगठी होडीच्या शिडीत किंवा दोरात अडकली तर बोटाला भयंकर दुखापत होते. आजच्या गाड्यांच्या किल्ल्यांत विजेवर चालणारे यंत्र असते, ते खाऱ्या पाण्याने निकामी होते. मोबाईलसाठी गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या लाटांच्या तुषारांसाठी ठीक आहेत, पण बुडी मारण्यासाठी नव्हेत. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि पिशवीतील हवा निम्म्या जागेत दबते, मग तिचे तोंड किती टिकाव धरणार? चष्मा नेहमी कडक घरात ठेवावा, आणि ते घर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेने काचेवरचा लेप तडकतो. काचेवर वाळू बसली असल्यास ती सदऱ्याने पुसू नये, आधी गोड्या पाण्याने धुवावी. खाऱ्या पाण्याने बिजागरीचे स्क्रू गंजतात, त्यांनाही गोडे पाणी दाखवावे. मंगळसूत्र काढावयास ज्या भगिनी नाखूष असतात त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. ते आखूड करून घट्ट कपड्याच्या आत राहील असे करावे, नाहीतर काठावरील आपल्या माणसाच्या हाती द्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वस्तू लपवून ठेवण्याच्या ज्या युक्त्या लोक करतात त्या सर्वांना ठाऊक आहेत. पाकीट बुटात, बूट टॉवेलाखाली, किल्ली गाडीच्या चाकावर. चोराला यांतील एकही नवी नाही. शिवाय चोर नसला तरी समुद्र आहेच. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल याच वेळी कोरडी असलेली पुळण आज पाण्याखाली असू शकते. परक्या माणसाला हे माहीत नसते. तो वर येतो, गाठोडे दिसत नाही आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "चोरी!"

बोनेर बेटाविषयी वाचताना मला मोठी गंमत वाटली. तेथे रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगविलेले दगड बुडीच्या जागा दाखवितात. पाहुणे भाड्याची गाडी तेथे लावतात आणि पाण्यात उतरतात. गाड्यांतून चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा तेथील जाणत्यांनी सल्ला दिला की, गाडीत काहीही ठेवू नका आणि गाडीला कुलूपही लावू नका, म्हणजे निदान काच तरी फुटणार नाही! हा सल्ला व्यवहारी आहे यात शंका नाही. पण त्यात माणसांनी माणसांपुढे हात टेकले आहेत असे मला वाटते. कुलूप काढून टाकणे म्हणजे विश्वास निर्माण करणे नव्हे.

कारण वस्तू हरवते तेव्हा दोन माणसांचे नुकसान होते. एक ज्याची वस्तू गेली तो, आणि दुसरा ज्याच्यावर आळ आला तो. पहिल्याविषयी सर्व जण बोलतात, दुसऱ्याविषयी कुणी बोलत नाही. आमच्या वाडीतील एका मुलावर असाच आळ आला होता. एका पाहुण्याच्या चष्म्याचे घर सापडेना. हा मुलगा त्यांच्या सामानाजवळून दोनदा गेला होता, एवढाच पुरावा. चारचौघांत त्याचे खिसे उलटे केले गेले. पाऊण तासाने चष्मा पाहुण्यांच्याच पिशवीत, टॉवेलाच्या घडीत निघाला. त्यांनी शंभराची नोट पुढे केली, मुलाने ती घेतली नाही. त्यानंतर बरेच दिवस तो पुळणीवर फिरकला नाही. पाहुण्यांचे काहीच हरवले नव्हते. मुलाचे जे हरवले ते कोणत्या दुकानात मिळते?

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत विचारी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १४८ व्या कलमात, परत घेण्याच्या बोलीने वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपविणे म्हणजे काय ते सांगितले आहे. आणि १५१ वे कलम सांगते की, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. म्हणजे सोपविणे आणि टाकून जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाळूवर टाकून गेलेल्या चष्म्याला सांभाळणारा कुणीच नसतो, म्हणून मग संशय सर्वांवर जातो. हातात सोपविलेल्या चष्म्याला एक ठरावीक माणूस जबाबदार असतो, म्हणून बाकीचे सर्व निर्धास्त राहतात. माझे सारे म्हणणे एवढ्यातच आहे. वस्तू लपवू नका, सोपवा!

काठावरून बुडी मारणाऱ्यांना हे जमत नाही असे नाही. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया पिढ्यानपिढ्या हवेच्या टाकीशिवाय बुड्या मारून शिंपले व समुद्री वनस्पती गोळा करीत आल्या. त्यांच्या या परंपरेची नोंद २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात केली. त्यांच्या किनाऱ्यावर दगडी भिंतींचे गोल आडोसे असतात. तेथे त्या कपडे बदलीत, शेकोटीभोवती अंग शेकीत आणि कामाच्या गोष्टी बोलत. त्या जागेवर एकट्यादुकट्या बाईची मालकी नसे, ती सर्वांची असे. इतक्या दूर कशाला जायचे? आपली रापणच पाहा. जाळे ओढून झाले की मासळी सर्वांच्या डोळ्यांदेखत पुळणीवर येते आणि प्रत्येकाचा वाटा ठरतो. जे उघड्यावर मोजले जाते त्यावर भांडण कमी होते, हे आमच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या वाडवडिलांना पुस्तकाशिवाय कळले होते.

यावर काही मित्र म्हणतील, ही पैसेवाल्यांची हौस, त्यांच्या चष्म्याची चिंता आपण का वाहावी? मित्रहो, हौस त्यांची असेल, पण त्यावर चूल आपल्या कित्येक घरांची पेटते, आणि वस्तू हरवली की बोट आपल्याच भावांकडे दाखविले जाते. दुसरे कुणी म्हणतील, कॅमेरे बसवा, पहारेकरी ठेवा. कॅमेरा चोरी झाल्यावर चोर दाखवील कदाचित, पण लाटेने नेलेला चष्मा परत आणणार नाही. आणि ज्या किनाऱ्यावर प्रत्येक मुलाकडे चोर म्हणून पाहिले जाते तो किनारा कितीही सुरक्षित असला तरी पाहुणचाराचा म्हणता येणार नाही.

म्हणून मला एक साधी योजना सुचवावीशी वाटते. जेथे जेथे लोक पाण्यात उतरतात तेथे भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर एक ठेव-घर असावे. त्यात झाकणाचे, क्रमांक घातलेले डबे असावेत. वस्तू देणाऱ्यासमोर मोजून वहीत लिहाव्यात, त्याची सही घ्यावी आणि त्याच क्रमांकाचा बिल्ला मनगटाला बांधायला द्यावा. चष्म्यासाठी वेगळे कडक घर असावे, आणि पाण्यातून बाहेर येणाऱ्याला चष्मा पहिल्यांदा द्यावा, कारण त्याशिवाय त्याला बाकीच्या वस्तू ओळखता येणार नाहीत. हे काम वाडीतील महिलांच्या बचत गटाकडे द्यावे आणि त्यासाठी माफक आकार घ्यावा. ज्या स्त्रिया आज पुळणीवर सरबत विकतात त्यांना सावलीतले आणि मानाचे काम मिळेल. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. डबे, बिल्ले, वही आणि एक छप्पर एवढेच लागेल.

आपल्या महाविद्यालयातही राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरते. रस्ते झाडणे आणि झाडे लावणे ही कामे चांगलीच आहेत. पण एका शिबिरात आपण असे एक ठेव-घर उभारून, त्याची वही कशी ठेवावी हे वाडीतील भगिनींना दाखवून दिले तर आपल्या शिक्षणाचा उपयोग गावाला प्रत्यक्ष दिसेल. प्राध्यापक मंडळींनी या सूचनेचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

चष्मा हरवू नये हे खरेच, पण त्याच्याबरोबर कुणाची अब्रूही हरवू नये. यंदाचा हंगाम संपण्यापूर्वी पहिला डबा आणि पहिली वही ठेवता आली, तर पुढच्या ऑक्टोबरात येणारा पाहुणा आपला चष्मा निःशंकपणे आपल्या हाती देईल, आणि आपली मुले त्याच्या सामानाजवळून मान वर करून जातील.