रुग्णाने फिल्म वाहायची किती दिवस?

उपनगरातील सामान्य माणूस आजारी पडला की त्याला दुखण्याबरोबर आणखी एक ओझे वाहावे लागते. ते तपासण्यांच्या कागदांचे आणि फिल्मचे. मुलुंडचे अगरवाल, घाटकोपरचे राजावाडी किंवा बोरिवलीचे भगवती या रुग्णालयांतून पुढील उपचारांसाठी त्याला परळच्या केईएममध्ये, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये जावे लागते. वाटेत फिल्म गहाळ झाली, अथवा तिच्यावरून तेथील डॉक्टरांना पुरेसा बोध झाला नाही, तर पुन्हा तीच तपासणी, पुन्हा तीच रांग आणि रोजंदारीवरील माणसाला पुन्हा एका दिवसाचा खाडा. ही सर्व रुग्णालये मुंबई महापालिकेचीच आहेत. मालक एक असताना एका घरातून दुसऱ्या घरात निरोप नेण्याचे काम रुग्णानेच का करावे?

राँटजेनने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, त्यानंतर जवळजवळ शतकभर फिल्मला पर्याय नव्हता. आज तो आहे. सीटी स्कॅनमध्ये शरीराचे शेकडो छेद टिपले जातात. फिल्मवर त्यांतील निवडक तेवढे छापता येतात. संगणकाच्या पडद्यावर तेच चित्र फुप्फुसासाठी एका रीतीने आणि हाडांसाठी दुसऱ्या रीतीने उजळून पाहता येते. छापलेल्या फिल्मवर ते शक्य नाही. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर त्याहूनही निकृष्ट. त्यावरून निदान करणे म्हणजे किल्लीच्या छिद्रातून घर पाहण्यासारखे आहे.

प्रतिमा साठविण्याच्या आणि दूरवर पाठविण्याच्या या व्यवस्थेला ‘पॅक्स’ म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची चित्रे वाचता यावीत म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ आणि यंत्रनिर्माते यांनी १९८५ साली एक समान मानक तयार केले. १९९३ पासून ते ‘डायकॉम’ या नावाने जगभर रूढ झाले आणि भारत सरकारनेही २०१६ च्या आरोग्य-नोंदींच्या मानकांत त्याचा स्वीकार केला. तेव्हा अडचण ज्ञानाची नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. प्रत्येक रुग्णालयाचा संगणक स्वतःच्या भिंतींआडच बंदिस्त राहिला, तर कपाटाच्या जागी पेटी आली एवढाच फरक पडेल.

यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. छातीच्या सीटी स्कॅनमधील किरणोत्सर्ग साध्या क्ष-किरण चित्राच्या अनेक पटींनी अधिक असतो. कारण नसताना तपासणी पुन्हा करणे रुग्णाच्या हिताचे नाही. क्षय किंवा कर्करोग यांसारख्या आजारांत तर जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज रोग वाढतो आहे की हटतो आहे, हे नीट कळत नाही.

संगणकात ठेवलेली माहिती चोरीस जाईल, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. परंतु कागद तरी सुरक्षित कोठे आहे? जुलै २०२४ मध्ये केईएममधील रुग्णांची नावे असलेल्या कागदांच्या थाळ्या बनल्याचे उघडकीस आले. सीटी स्कॅनची जुनी पाकिटे रद्दीत गेली होती, असा खुलासा करण्यात आला. यावरून बोध एवढाच, की माहिती कागदावर असो वा संगणकात, तिची राखण करणारा कोणी जबाबदार हवा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागील अपेक्षाही हीच आहे.

म्हणून पालिकेने काही गोष्टी निश्चयाने कराव्यात. यंत्रे खरेदी करताना, तसेच तपासणीचे काम खासगी संस्थांकडे सोपविताना, चित्रे डायकॉम स्वरूपात पालिकेच्या ताब्यात राहतील आणि कंत्राट संपले तरी ती हातची जाणार नाहीत, ही अट करारात असावी. चित्र कोणी, केव्हा उघडले याची नोंद राहावी आणि दुसरी प्रत अन्यत्र जपलेली असावी. मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. त्या हक्काची पाटी प्रत्येक क्ष-किरण विभागाच्या दाराशी मराठीत लावावी आणि मूळ चित्राची प्रतही त्या हक्कात धरावी. ज्याला संगणक वापरता येत नाही, त्याला छापील फिल्म नाकारली जाऊ नये, हेही तितकेच आवश्यक.

यंत्रांच्या उद्घाटनाचे सोहळे होतात, फिती कापल्या जातात. दोन यंत्रांना जोडणारी तार मात्र कोणाच्या छायाचित्रात येत नाही. म्हणूनच बहुधा ती दुर्लक्षित राहते. चित्र रुग्णाच्या देहाचे आहे. ते त्याच्या उपचारासाठी त्याच्याआधी डॉक्टरांपर्यंत पोहोचावे, ही मागणी चैनीची नव्हे. करदात्या नागरिकांनी ती आपल्या नगरसेवकांपुढे आग्रहाने मांडली पाहिजे.