विचारल्याशिवाय वाट नाही

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा मोबाईलवर गेम खेळत होता. रागवायचे ठरवून मी शेजारी बसले. गेममधला वीर नव्या गावात शिरला की घरोघर जाई. म्हातारी, दुकानदार, पहारेकरी सर्वांशी बोले. "विचारल्याशिवाय पुढची वाट कळत नाही, अम्मी," मुलगा म्हणाला. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्येही हीच रीत होती. कुठे जायचे, काय शोधायचे, हे गावकऱ्यांच्या बोलण्यातून कळे.

आणि हाच मुलगा घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळतो! पण मी तरी त्याला कुठे माणसांत नेले होते?

दुसऱ्या दिवशी मालवण जेटीवरून होडीने आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. "कुठे आहेत ते इथल्या माणसांना तूच विचार," मी म्हटले. तो बराच वेळ घुटमळला. शेवटी किल्ल्यातच राहणाऱ्या एका आजोबांना त्याने विचारले. ते स्वतः उठून दाखवायला आले.

परतताना त्याने न सांगता होडीवाल्याला विचारले, "काका, पावसाळ्यात होडी कुठे ठेवता?"

पालकहो, मोबाईल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसा. मग मुलाला घेऊन बाहेर पडा.