विचारत विचारत...

मंडळी, मोबाइलमध्ये जीपीएस हवं का, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्येही ते असतंच. २००७ मध्ये नोकियाचा एन-९५ आला तेव्हा मात्र ती चैन होती. उघड्यावर जाऊन उभं राहायचं, उपग्रह सापडेपर्यंत ताटकळायचं, आणि फोनने बोलून रस्ता सांगायला हवा असेल तर वर वेगळे पैसे! ते नोकियाने जानेवारी २०१० मध्ये फुकट केलं. असो.

मला विचाराल तर या सोयीचं खरं सुख एकच. कुणाला काही विचारावं लागत नाही. रात्री उशिराच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलेल्या एकट्या मुलीला, रिक्षा राजापेठकडेच चालली आहे ना, हे गुपचूप बघता येतं. याची किंमत पुरुषांना चटकन कळत नाही.

पण गोचीही तिथेच आहे. राजापेठच्या चौकात पत्ता विचारा, "सिदे जा, मंग डाव्या हातानं वया" एवढ्यावर कुणी थांबत नाही. पुढे रस्ता खोदलाय, तेही सांगतात. नकाशाला ते उशिरा कळतं, कधी कळतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपलं अकोला नव्हे!) कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. पूल पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. हा पूल दरवर्षी काही महिने बुडतो, हे गावातल्या कुणीही सांगितलं असतं. पण रात्री विचारणार कुणाला, हेही खरंच.

आणि आपला मेळघाट! परतवाडा सोडून घाट चढलं की जागोजागी रेंज जाते. "जीपीएस गेलं" म्हणून लोक हळहळतात. ते कुठेही गेलेलं नसतं हो! उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून संदेश पाठवत असतात, फोन ते फक्त ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही. नकाशा मात्र इंटरनेटवरून येतो, तो अडतो. मग निळा ठिपका अगदी बरोबर जागी आणि भोवती कोरी पाटी. चिखलदऱ्याला जाणाऱ्या पाहुण्यांनो, नकाशा घरूनच उतरवून घ्या. बॅटरीही भरून घ्या, हा ठिपका भलता खादाड असतो.

आमच्याकडची नवी पिढी राजापेठहून अंबादेवीला जायलाही फोन काढते. मला ते जरा जास्तच वाटतं. लग्नपत्रिकेवर हल्ली नकाशाचा चौकोनी कोड असतो, आणि त्याच्याच खाली, बारीक अक्षरांत का होईना, "जुन्या पाण्याच्या टाकीमागे" हेही असतंच. आमचे काका तेवढंच वाचतात आणि सगळ्यांच्या आधी पंगतीला बसतात :)